टोल्युइनची घनता आणि तापमान: मोजणी, दुरुस्ती आणि हिशेब

"टोल्युइनची घनता किती?" असे विचारल्यावर मुरलेला प्रयोगशाळेवाला लगेच आकडा सांगत नाही. तो उलट विचारतो, "किती तापमानाला?" हा आडमुठेपणा नव्हे. २० °से.ला या द्रवाचा एक घनमीटर ८६६.९ किलो भरतो, तर ४० °से.ला ८४८.२ किलो. वीस अंशांत जवळजवळ पावणेएकोणीस किलोंचा फरक पडतो. माल तोच, शुद्धता तीच, फक्त रेणू एकमेकांपासून जरा दूर सरकलेले असतात.

हा लेख रंग, रसायने, औषधे, चिकट पदार्थ अशा कारखान्यांत माल उतरवून घेणाऱ्यांसाठी, टाक्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी आहे. उदाहरण टोल्युइनचे घेतले आहे, कारण ते सगळीकडे वापरतात, त्याची घनता नीट मोजलेली आहे आणि सर्वसाधारण तापमानात तिचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. पद्धत मात्र कुठल्याही सेंद्रिय द्रवाला लागू पडते, फक्त आकडे बदलायचे.

जाता जाता एक गंमत. हे नाव तोलू बाल्सम या सुगंधी रेझिनवरून आले आहे, आणि त्या बाल्समचे नाव कोलंबियातल्या सांतियागो दे तोलू या गावावरून. ज्या प्रसरणामुळे आपला हिशेब चुकतो, त्याच प्रसरणामुळे अतिथंड जागांसाठीच्या थर्मामीटरमध्ये टोल्युइन भरतात. पारा उणे ३९ अंशांजवळ गोठतो, टोल्युइन उणे ९५ पर्यंत द्रवच राहते. म्हणजे टोल्युइनची टाकी हा एक अवाढव्य थर्मामीटरच आहे. हे डोक्यात बसले की पुढचे बरेच आपोआप कळते.

आधी आकडे हाताशी असू द्या

शुद्ध टोल्युइनची घनता, सामान्य वातावरणीय दाबाला, घनमीटरमागे किलोत:

० °से. : ८८५.४
१० °से. : ८७६.१
१५ °से. : ८७१.५
२० °से. : ८६६.९
२५ °से. : ८६२.२
३० °से. : ८५७.५
४० °से. : ८४८.२
५० °से. : ८३८.९

यात दडलेला नियम सोपा आहे. दर अंशामागे घनता ०.९३ ने उतरते. म्हणून ० ते ५० °से. या टप्प्यात एकच सूत्र पुरते:

घनता = ८८५.४ − (०.९३ × तापमान)

कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवावे असे हे सूत्र आहे. २० घातले तर ८६६.८ येते, म्हणजे तक्त्यापेक्षा ०.१ कमी. रोजच्या कामात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. साठ अंशांच्या पुढे मात्र या सूत्रावर विसंबू नका. तिथे रेषा खाली वाकू लागते आणि दर अंशामागची घट वाढत जाते. ११०.६ °से. या उत्कलनबिंदूजवळ घनता सुमारे ७८० वर आलेली असते. तिथे सरळ रेषेने काढलेला आकडा काही किलोंनी जास्त निघतो.

प्रति मिलिलिटर ग्रॅममध्ये हवी असेल तर हजाराने भागा. ८६६.९ म्हणजे ०.८६६९.

घनता आणि विशिष्ट गुरुत्व यांची गल्लत

निम्मी भांडणे इथे सुरू होतात. घनतेला एकक असते, विशिष्ट गुरुत्वाला नसते, कारण ते पाण्याशी केलेले गुणोत्तर आहे. आणि पाणी कोणत्या तापमानाचे, हा प्रश्न तिथेही आहेच. २० अंशांचे टोल्युइन आणि ४ अंशांचे पाणी घेतले तर उत्तर ०.८६६९, कारण ४ अंशांच्या पाण्याची घनता जवळजवळ नेमकी १००० असते. २० अंशांचेच पाणी घेतले, ज्याची घनता ९९८.२ आहे, तर तेच उत्तर ०.८६८५ होते. दोन्ही १५.५६ °से.ला, म्हणजे ६० °फॅ.ला घेतले तर ०.८७१८.

तीन आकडे, तिन्ही बरोबर, माल एकच. चाचणी अहवालावर "विशिष्ट गुरुत्व ०.८७१८" आणि तुमच्या वहीत "घनता ०.८६६९" दिसली म्हणून पुरवठादाराला फोन लावायच्या आधी दोन्हींखाली तापमान काय लिहिले आहे ते बघा. लिहिलेच नसेल तर फोन जरूर लावा, पण तापमान विचारायला.

संदर्भ तापमानाचीही एकवाक्यता नाही. पेट्रोलियमच्या व्यवहारात १५ °से. किंवा ६० °फॅ. चालते, रसायनांच्या व्यवहारात बहुधा २० °से. आणि काही ठिकाणी २५ °से. कोणतेही चालेल, करारात आणि वहीत एकच ठेवा म्हणजे झाले. आणखी एक इशारा: कच्च्या तेलाचे आणि इंधनांचे सर्वसाधारण दुरुस्ती तक्ते टोल्युइनला लावू नका. ते मिश्रणांच्या सरासरी वागणुकीवर बेतलेले असतात. बेंझिन, टोल्युइन, झायलीन अशा औद्योगिक अरोमॅटिक द्रव्यांच्या आकारमान-वजन हिशेबासाठी एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचे डी १५५५ हे वेगळे मानक आहे.

पहिली पायरी: थर्मामीटर

मोजणी म्हटले की सगळे तराजूकडे बघतात. मी आधी थर्मामीटरकडे बघतो. हिशेब करून बघा. एका अंशाची चूक म्हणजे ०.९३ किलो, टक्केवारीत ०.११. घनता तिसऱ्या दशांशापर्यंत खरी हवी असेल तर तापमान एका अंशाच्या आत कळले पाहिजे. चौथ्या दशांशापर्यंत हवी असेल तर दहाव्या भागापर्यंत. चार दशांशांचा तराजू आणि भिंतीवरचा खोलीचा थर्मामीटर अशी जोडी असेल तर तराजूवर खर्च केलेले पैसे वाया गेले म्हणायचे.

नोकरीच्या सुरुवातीला हा धडा मी स्वतः शिकलो. टँकरमधून नमुना आला, मी तो नळीत ओतला, लगेच हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता वाचायची खुणा केलेली काचेची दांडी) सोडला, वाचन ०.८५१०. खोलीच्या थर्मामीटरवर २४ अंश. त्या २४ वरून दुरुस्ती केली, २० अंशांना ८५४.७ आले. माल हलका आहे असा शेरा मारून मोकळा झालो. वरिष्ठांनी काही न बोलता तीच नळी तासभर बाजूला ठेवायला लावली. मग वाचन आले ०.८६३१, आणि दुरुस्तीनंतर ८६६.८. माल चोख होता. टँकर उन्हात उभा असल्यामुळे नमुना ३७ अंशांचा होता आणि मी त्याला २४ चा समजून चाललो होतो. बारा किलोंची तफावत द्रवाने नव्हे, माझ्या डोळ्यांनी निर्माण केली होती.

म्हणून थर्मामीटर द्रवातच बुडवायचा, खोलीचे तापमान वापरायचे नाही. महिन्यातून एकदा थर्मामीटर बर्फाच्या लगद्यात ठेवून शून्य दाखवतो का ते बघायचे. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक ठेचून थोड्या शुद्ध पाण्यात दाबून भरायचा, मोठाले खडे तरंगत ठेवून काम होत नाही. शून्याऐवजी ०.४ दाखवत असेल तर तेवढी वजावट थर्मामीटरच्या नळीवरच चिठ्ठी लावून लिहा. वहीतल्या नोंदी कुणी वाचत नाही.

दुसरी पायरी: नमुना

टाकी एकसारख्या तापमानाची असते हा एक सोयीस्कर गैरसमज आहे. उन्हात उभ्या टाकीत वरचा थर गरम, म्हणून हलका, म्हणून वरच राहतो. खालचा थर थंड आणि जड. ढवळणी नसेल तर ही उतरंड तासन्‌तास टिकते. वरून एक बाटली भरून आणली तर ती पूर्ण टाकीची प्रतिनिधी नसते. वरचा, मधला आणि खालचा असे तीन नमुने घ्या, आणि तिन्ही पातळ्यांवर तापमान टाकीतच मोजा, बाटली वर ओढल्यावर नाही. टाकी सर्वत्र सारख्या आडव्या छेदाची असेल तर तिन्हींची सरासरी चालते. आडव्या नळकांडी टाकीत मधल्या पातळीला जास्त वजन द्यावे लागते, कारण तिथे द्रवही जास्त असतो.

बाटली काठोकाठ भरू नका, झाकण लगेच घट्ट लावा. टोल्युइन उडते. शुद्ध टोल्युइन थोडे उडाल्याने घनता बदलत नाही, पण मिश्रण असेल तर हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेला नमुना जड होतो.

इथे थोडे थांबून सुरक्षेचे बोलू. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ °से.च्या आसपास आहे. म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ते विजेचे अतिशय मंद वाहक असल्याने पाइपातून वाहताना, ओतताना, ढवळताना त्यात स्थिर विद्युत साठते. टाकी भरल्या भरल्या लगेच धातूची नमुनाबाटली आत सोडू नका, साठलेला भार ओसरायला वेळ द्या. नमुनाबाटली आणि टाकी एकाच अर्थिंगला जोडा, नायलॉनची दोरी टाळा. पातळ नायट्राइलच्या हातमोज्यांतून टोल्युइन काही मिनिटांत आरपार येते, त्यामुळे ते फक्त शिंतोड्यांपुरते. सगळे काम धूर ओढणाऱ्या कपाटात किंवा मोकळ्या हवेत करा. गुंगी येईपर्यंत वास घेत बसण्यात बहादुरी नाही.

तिसरी पायरी: हायड्रोमीटर

झटपट कामासाठी अजूनही हे साधन उत्तम आहे. नळी इतकी रुंद हवी की हायड्रोमीटरभोवती सगळीकडे मोकळी जागा राहील, तो काचेला चिकटता कामा नये. द्रव कडेने हळू ओता म्हणजे बुडबुडे होणार नाहीत. हायड्रोमीटर तरंगेल असे वाटते त्या खुणेच्या जरासे खालीपर्यंत नेऊन सोडा, हलकी गिरकी द्या, स्थिर होऊ द्या. डोळा द्रवाच्या पातळीच्या किंचित खाली ठेवून हळूहळू वर आणा. लंबगोल दिसणारा पृष्ठभाग जिथे सरळ रेषा होतो तिथला आकडा वाचा. दांडीला चढलेला वक्र कडेचा भाग वाचायचा नाही. वाचनाआधी आणि नंतर तापमान घ्या. दोन्हींत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर वाचन रद्द.

हायड्रोमीटर विकत घेताना त्यावर कमी पृष्ठताणाच्या द्रवांसाठी अशी नोंद आहे का बघा. टोल्युइनचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. पाण्यासाठी आखलेला हायड्रोमीटर टोल्युइनमध्ये किंचित वर तरंगतो आणि घनता जास्त दाखवतो.

आता एक दुरुस्ती. समजा २० °से.ला आखलेल्या हायड्रोमीटरचे वाचन ३१.५ °से.ला ०.८५६० आले. फरक ११.५ अंशांचा. ११.५ × ०.९३ = १०.७. म्हणून २० अंशांना घनता ८५६.० + १०.७ = ८६६.७. बेरीज का? कारण थंड केल्यावर द्रव आकसतो आणि जड होतो. हे चिन्ह उलटे लिहिणारे मी दरवर्षी पाहतो. शंका आली तर मनात एवढेच म्हणा: थंड म्हणजे जड.

फार काटेकोर असाल तर काचेचेही प्रसरण धरा. साध्या काचेचे आकारमान दर अंशाला दहा लाखांत सुमारे २५ भागांनी वाढते. ११.५ अंशांत हायड्रोमीटर किंचित फुगतो, थोडा वर तरंगतो आणि खऱ्यापेक्षा सुमारे ०.०००२५ जास्त दाखवतो. म्हणजे खरे उत्तर ८६६.७ नसून ८६६.५ च्या जवळ. टँकर उतरवताना याची चिंता नको, वाद मध्यस्थाकडे गेला असेल तर हवी.

चौथी पायरी: विशिष्ट गुरुत्वाची बाटली

तिला पायकनोमीटर म्हणतात. छोटी काचेची बाटली, घासून बसवलेले बूच, बुचात केसाएवढे छिद्र. साधन अगदी साधे आहे आणि नीट वापरले तर चौथ्या दशांशापर्यंत उत्तर देते. नीट वापरणे हीच मेख आहे.

बाटली स्वच्छ धुऊन, ॲसिटोनने खंगाळून, कोरडी करा. रिकामी तोला. मग नुकतेच उकळून थंड केलेले शुद्ध पाणी भरून २० °से.च्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे तापमान स्थिर राखलेल्या पाण्याच्या भांड्यात, मानेपर्यंत अर्धा तास ठेवा. उकळायचे ते विरघळलेली हवा घालवण्यासाठी, नाहीतर भिंतीवर सूक्ष्म बुडबुडे धरतात. बूच बसवा, छिद्रातून वर आलेला थेंब टिपकागदाने बुचाच्या पातळीत टिपा, पण छिद्रातून द्रव शोषून काढू नका. बाहेर काढून बाहेरून पुसा आणि तोला. हेच सगळे टोल्युइन घेऊन करा.

द्रव बाथपेक्षा जरा थंड असताना भरा. मग बाथमध्ये तो फुगतो, जास्तीचा छिद्रातून बाहेर येतो आणि बाटली पूर्ण भरलेली राहते. गरम द्रव भरला तर तो आकसतो आणि छिद्रात पोकळी राहते. ती दिसत नाही, वजनात मात्र दिसते.

दुसरी अडचण खोलीची. बाथ २० अंशांचा आणि खोली ३० ची असेल तर बाटली बाहेर काढल्यापासून ती गरम होऊ लागते, टोल्युइन छिद्रातून पाझरते आणि उडून जाते. तोलेपर्यंत वजन उतरत राहते. हाताच्या ऊबेनेही तेच होते, म्हणून बाटली मानेला धरा. दमट हवेत थंड काचेवर दव धरते आणि वजन वाढते, म्हणजे दोन चुका उलट दिशांनी एकमेकींशी भांडत बसतात. यावर माझा आवडता तोडगा असा: बाथ खोलीपेक्षा चारपाच अंश गरम ठेवा. मग बाहेर काढल्यावर द्रव आत आकसतो, काही सांडत नाही, दवही धरत नाही. पाणी आणि टोल्युइन दोन्ही त्याच तापमानाला मोजा आणि शेवटी २० वर दुरुस्ती करा. २० लाच मोजायचे असेल तर छिद्रावर बसणारी टोपी असलेली बाटली घ्या.

एक पूर्ण हिशेब करू, २० °से.चा.

रिकामी बाटली: १८.४२६० ग्रॅम
पाण्याने भरलेली: ४३.४६१५ ग्रॅम
टोल्युइनने भरलेली: ४०.१६४४ ग्रॅम

पाणी २५.०३५५ ग्रॅम, टोल्युइन २१.७३८४ ग्रॅम. गुणोत्तर ०.८६८३०. याला पाण्याच्या घनतेने, ०.९९८२ ने, गुणले की ०.८६६७ येते. बहुतेक जण इथे थांबतात. पण तराजू हवेत ठेवलेला आहे आणि हवा बाटलीतल्या द्रवाला किंचित उचलून धरते. हवेची घनता ०.००१२ धरून योग्य सूत्र असे:

घनता = गुणोत्तर × (पाण्याची घनता − हवेची घनता) + हवेची घनता

०.८६८३० × (०.९९८२ − ०.००१२) + ०.००१२ = ०.८६६९.

फरक दोन दशसहस्रांशांहूनही कमी. पण चौथा दशांश लिहिणार असाल तर तो कमावलेला असावा, नाहीतर तीनच लिहा.

बाटलीचे आकारमान २० अंशांना काढून टोल्युइन मात्र ५० अंशांना मोजणार असाल तर काचेचे प्रसरण धरावे लागते. बोरोसिलिकेट काच दर अंशाला दहा लाखांत सुमारे १० भाग वाढते, ३० अंशांत ०.०३ टक्के. दोन्ही एकाच तापमानाला मोजले तर ही कटकटच उरत नाही.

पाचवी पायरी: कंप पावणारी नळी

डिजिटल घनतामापकात यू आकाराची काचेची बारीक नळी असते. तिच्यात द्रव भरून ती कंप पावायला लावतात. द्रव जितका जड तितका कंप संथ. कंपनाच्या कालावधीच्या वर्गावरून घनता निघते आणि दोन स्थिरांक हवा व पाणी यांनी जुळवून घेतात. ऑस्ट्रियातल्या अँटोन पार कंपनीने असा पहिला व्यावसायिक मापक १९६७ मध्ये आणला. दोनतीन मिलिलिटर नमुना पुरतो, तापमान यंत्रच राखते, काही मिनिटांत पाच आकडी उत्तर मिळते. यासाठी एएसटीएम डी ४०५२ हे मानक वापरतात.

यंत्र आले म्हणून अक्कल सुटीवर पाठवायची नसते. नळीत एक बुडबुडा अडकला की आकडा खाली घसरतो आणि यंत्र तो तितक्याच आत्मविश्वासाने पाच दशांशांत छापते. खिडकीतून नळी नीट बघा. सिरिंजने हळू ढकला. थंड नमुना गरम नळीत गेला तर विरघळलेली हवा सुटते, म्हणून नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रोज सकाळी पाण्याचे वाचन घ्या. २० °से.ला ९९८.२ येत नसेल तर आधी नळी धुवा, मग पुन्हा बघा, आणि त्यानंतरच यंत्र नव्याने जुळवायचा विचार करा. घाण नळीवर जुळवणी केली की चूक कायमची आत जाऊन बसते.

स्वतःचा तक्ता बनवा

तुमच्याकडे येणारे टोल्युइन शंभर टक्के शुद्ध नसेल, किंवा तुम्ही एखादे मिश्र द्रावक वापरत असाल, तर छापील तक्ता मार्गदर्शक ठरतो, अंतिम शब्द नव्हे. चार तापमानांना मोजा. समजा १५, २५, ३५ आणि ४५ अंशांना ८७१.५, ८६२.१, ८५२.९ आणि ८४३.५ आले. पहिला उणे शेवटचा, २८.०. भागिले ३० अंश, ०.९३३. हा तुमच्या मालाचा उतार. १५ वरून शून्यावर जायला १५ × ०.९३३ = १४.० मिळवा, ८८५.५. सूत्र तयार झाले.

आता मधले दोन आकडे या रेषेवर बसतात का ते बघा. २५ ला रेषा ८६२.२ देते, मोजले ८६२.१. ३५ ला रेषा ८५२.८, मोजले ८५२.९. छान. एखादा बिंदू अर्ध्या किलोने बाजूला पडला तर सूत्र वाकवू नका, तो बिंदू पुन्हा मोजा. दहातल्या नऊ वेळा बाथ स्थिर व्हायच्या आतच कुणीतरी घाई केलेली असते.

दुसऱ्या द्रवांचे उतार वेगळे असतात. तापमान १० अंशांनी वाढले की ॲसिटोनचे आकारमान सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते, मिथेनॉलचे १.२, टोल्युइनचे १.१, इथिलीन ग्लायकॉलचे ०.६, ग्लिसरीनचे ०.५, आणि खोलीच्या तापमानाला पाण्याचे जेमतेम ०.२ टक्के. ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ते कमी फुगतात. ॲसिटोनच्या टाकीत तापमानाची चूक टोल्युइनपेक्षाही महाग पडते.

टँकरचा हिशेब

आता ज्यासाठी हा खटाटोप ते. १८ °से.ला २०,००० लिटर टोल्युइन भरले. त्या तापमानाला घनता ८६८.७, वस्तुमान १७,३७३ किलो. टँकर पोहोचला तेव्हा माल ३४ °से.चा झाला, घनता ८५३.८. तेच १७,३७३ किलो आता २०,३४९ लिटर जागा घेतात. लिटरवर व्यवहार करणाऱ्याला ३४९ लिटर आपोआप वाढल्यासारखे दिसतात. आणि कुणी २०,३४९ ला सरळ ०.८६६९ ने गुणले तर उत्तर येते १७,६४० किलो, म्हणजे २६७ किलो असा माल जो अस्तित्वातच नाही. उलट दिशेने, गरम भरून थंड उतरवला तर तितकाच माल "चोरीला जातो".

बारकावे दोन. पोलादी टँकरही तापतो आणि १६ अंशांत त्याची धारणशक्ती ११-१२ लिटरने वाढते, त्यामुळे डिप रॉडवर, म्हणजे पातळी मोजायच्या खुणांच्या दांडीवर, वाढ ३४९ पेक्षा थोडी कमी दिसेल. आणि वजनकाटा हवेत तोलतो, म्हणून काट्यावरचा आकडा घनतेवरून काढलेल्या वस्तुमानापेक्षा सुमारे ०.१२ टक्क्याने, इथे २१ किलोंनी, कमी असतो. एवढ्या फरकावरून कुणावर संशय घेऊ नका.

माझे मत विचाराल तर खरेदी-विक्री किलोतच करावी. किलो उन्हात फुगत नाही.

मोकळी जागा आणि बंद पाइप

ड्रम १० °से.ला ९७ टक्के भरला आणि तो ४५ °से.च्या गोदामात गेला तर आकारमान ३.९ टक्क्यांनी वाढते. ९७ चे १००.७ होते. ड्रम फुगतो, बुचातून गळतो. ९५ टक्के भरला असता तर ९८.७ वर थांबला असता. भरताना तापमान आणि पुढे संभवणारे कमाल तापमान, दोन्ही धरून मोकळी जागा ठरवा.

याहून घातक गोष्ट म्हणजे दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद असलेला, द्रवाने काठोकाठ भरलेला पाइप. टाकीत द्रवाला वर सरकायला जागा असते, इथे ती नाही. टोल्युइन फार दाबले जात नाही, त्यामुळे प्रत्येक अंशामागे दाब दहा-बारा बारने चढू शकतो. सकाळी बंद केलेला पाइप दुपारपर्यंत १५ अंशांनी तापला तर दाब दीडशे बारच्या आसपास जाऊ शकतो. गॅस्केट त्याच्या कितीतरी आधी हार मानते. अशा प्रत्येक तुकड्यावर थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप, हवा, आणि काम संपल्यावर कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा याचा क्रम ठरलेला हवा.

घनता काय सांगत नाही

घनता जुळली म्हणजे माल शुद्ध, असे मानणारे बरेच आहेत. २० °से.ला हेप्टेनची घनता ६८४ च्या आसपास आहे, ऑर्थोझायलीनची ८८०. एक हलका, एक जड. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर घनता टोल्युइनच्या आकड्यावर नेमकी येऊन बसू शकते. बेंझिनची ८७९ आहे. एक टक्का बेंझिन मिसळले तर घनता फक्त ०.१ किलोच्या आसपास सरकते, जी साध्या हायड्रोमीटरवर दिसणारच नाही, आणि बेंझिन कर्करोगकारक असल्याने नेमके तेच कळणे गरजेचे असते. पाणी टोल्युइनमध्ये अगदी थोडे, २५ °से.ला वजनाच्या सुमारे ०.०५ टक्के, विरघळते. बाकीचे तळाशी जाऊन बसते, आणि वरून घेतलेल्या नमुन्याची घनता निर्दोष येते.

म्हणून घनता चुकली तर माल अडवा. पण ती जुळली म्हणून सही करण्याआधी तळाचा नमुना पारदर्शक बाटलीत उजेडात धरून बघा, आणि शुद्धतेची खात्री गॅस क्रोमॅटोग्राफीवरून, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीवरून, करून घ्या.